झोनलची रेघ

वाईच्या किसन वीर महाविद्यालयातल्या कबड्डीच्या पोराला विचारा, वर्षातली पहिली महत्त्वाची तारीख कोणती? तो परीक्षेची सांगणार नाही, 'झोनल'ची सांगेल. झोनल म्हणजे सातारा विभागाची आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा. ती जिंकली की इंटरझोनल, म्हणजे सांगली, कोल्हापूरच्या विजेत्यांशी गाठ. तिथल्या खेळावरून विद्यापीठाचा संघ निवडायचा. तो संघ वेस्ट झोनला जातो आणि तिथले पहिले चार ऑल इंडियाला.

ही शिडी जुनी आहे. देशातल्या विद्यापीठांचं मंडळ १९२५ साली स्थापन झालं. १९३५ पासून रोहिंटन बारिया करंडकासाठी विद्यापीठांचे क्रिकेट संघ भिडू लागले. एका बापानं गेलेल्या मुलाच्या नावानं दिलेला हा करंडक. त्यावर निवड समित्यांचं लक्ष असे. मडगावच्या दिलीप सरदेसाईंनी १९५९-६० च्या हंगामात तिथं ८७ च्या सरासरीनं ४३५ धावा काढल्या. पुढच्याच हंगामात ते पुण्यात पाहुण्या पाकिस्तानविरुद्ध भारतीय विद्यापीठांच्या संघातून खेळले.

सातारा जिल्ह्याचं नाव मात्र क्रिकेटनं नव्हे, कुस्तीनं गाजवलं. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे. १९४८ ला लंडन ऑलिंपिकमध्ये सहावे, १९५२ ला हेलसिंकीत कांस्यपदक. दुसऱ्या वेळी निवडीत एका गुणानं डावललं गेल्यावर त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली, पुन्हा कुस्ती झाली आणि ती त्यांनी मारली. प्रवासासाठी प्राचार्य खर्डीकरांनी आपलं घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले, ही हकीकत आजही कोल्हापुरात सांगतात. तेव्हा खेळाडूच्या पाठीशी कॉलेज उभं राहिलं ते असं.

आता विद्यापीठांच्या हद्दींच्या रेघांचं. पूर्वी या भागातल्या कॉलेजांवर शिक्का मुंबई विद्यापीठाचा. १९४९ ला पुणे विद्यापीठ झालं आणि सातारा पुण्याकडे आला. १८ नोव्हेंबर १९६२ ला कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठाचं उद्घाटन झालं आणि सातारा पुन्हा हलला. वाईहून खंबाटकी घाट ओलांडला की पुणे ऐंशी-नव्वद किलोमीटर; कोल्हापूर त्याहून कितीतरी लांब. पण खेळाडूचं नशीब कोल्हापूरला बांधलं गेलं. २००४ मध्ये सोलापूरचं वेगळं विद्यापीठ झालं, तेव्हा एक अख्खा जिल्हा स्पर्धेतून गेला. २०२१ ला साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ झालं आणि छत्रपती शिवाजी कॉलेजसारखे जुने प्रतिस्पर्धी त्याच्या छत्राखाली गेले. वाईपासून पस्तीस किलोमीटरवरचं कॉलेज आता दुसऱ्या विद्यापीठाचं.

यातली एकही रेघ खेळासाठी ओढलेली नाही. परीक्षा, संलग्नता, प्रादेशिक अस्मिता यांच्या हिशेबात ती ओढली गेली. मैदान तिच्यामागून गेलं. अमेरिकेत याच्या उलट. तिथं कॉलेजांचे गट टीव्हीच्या पैशासाठी मोडतात. २०२४ मध्ये 'पॅक-१२' या गटातल्या बारापैकी दहा कॉलेजांनी तो सोडला. लॉस एंजेलिसचं कॉलेज आता न्यू जर्सीच्या कॉलेजाशी एका गटात खेळतं, घड्याळात तीन तासांचं अंतर ठेवून.

आपल्याकडे कॅमेरा आला, पण कॉलेजला वळसा घालून. २०१४ मध्ये प्रो कबड्डी सुरू झाली. पुण्याचा संघ उभा राहिला तो फ्रँचाइजीचा, विद्यापीठाचा नव्हे. २०२० मध्ये भुवनेश्वरला पहिल्या खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धा भरल्या, तेव्हा कुठं विद्यापीठाची जर्सी पडद्यावर नीट दिसली. झोनलचं मोल अजून वेगळ्याच नाण्यात मोजतात: प्रमाणपत्रात. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे, आणि पोरं जपून ठेवतात ती प्रमाणपत्रांची फाइल. पदक भिंतीवर, प्रमाणपत्र कपाटात.

म्हणून इथं रेघ सरकली की प्रेक्षक ओरडत नाहीत, कुणाचा कोट्यवधींचा करारही बुडत नाही. फक्त एसटी बदलते. वाईच्या स्टँडवर पुण्याची गाडी समोर उभी असते. पोरगं खांद्यावर किट टाकून साताऱ्याच्या गाडीत चढतं. पुढं कऱ्हाड, मग कोल्हापूर. कारण १९६२ साली कुणीतरी तसं ठरवलं, कबड्डीचा विचारही मनात न आणता.