व्यापारचिन्हांतील रंग
उत्पादकाचा माल इतरांच्या मालापासून चटकन वेगळा ओळखता यावा आणि त्याविषयी ग्राहकाच्या मनात अनुकूल भावना निर्माण व्हावी, या हेतूने चिन्ह, वेष्टन, जाहिरात, दुकान इत्यादींसाठी ठरवून व सातत्याने वापरलेला रंग किंवा रंगमेळ. ओळख पटविणे व भावना जागविणे ही रंगाची दोन भिन्न कार्ये होत. पहिल्या कार्याचे पुरावे व्यापाराच्या इतिहासात विपुल आहेत. दुसऱ्याविषयी मात्र जाहिरात व्यवसायाने पुराव्याहून अधिक दावे केले आहेत.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सुट्या मालाऐवजी पुडीबंद व डबाबंद माल बाजारात येऊ लागला, तेव्हा विक्रेत्याच्या शब्दाची जागा वेष्टनाने घेतली. त्याच सुमारास रंगीत शिळाछापामुळे चित्रमय वेष्टने स्वस्तात छापता येऊ लागली. मँचेस्टरचे निर्यातदार हिंदुस्थानात पाठवावयाच्या कापडावर देवदेवता, राजे, हत्ती यांची भडक रंगांतील चित्रे चिकटवीत. अक्षरओळख नसलेला ग्राहकही अशा चित्रावरून नेमके आपल्या पसंतीचे कापड मागू शके. ब्रिटनमध्ये १ जानेवारी १८७६ रोजी नोंदले गेलेले पहिले व्यापारचिन्ह म्हणजे बास या मद्यनिर्मिती संस्थेचा त्रिकोण. तो ‘लाल त्रिकोण’ म्हणूनच प्रसिद्धी पावला. जर्मनीतील एईजी या विद्युत्‌ उद्योगसंस्थेने १९०७ मध्ये पेटर बेरेन्स यांना कलासल्लागार नेमले व चिन्हापासून कारखान्याच्या इमारतीपर्यंत सर्व दृश्यरूप एकाच दृष्टीने घडविण्यास आरंभ केला.

रंगांच्या मानसिक परिणामांचे विवेचन गटे यांनी १८१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या रंगविषयक ग्रंथात केले होते. विसाव्या शतकातील जाहिरातदारांनी त्यातून ‘लाल म्हणजे आवेग, निळा म्हणजे विश्वास’ अशी सोपी कोष्टके तयार केली. ती फार काळ टिकावीत असा आधार त्यांना नाही. रंगाचा अर्थ रूढी, प्रसंग व वस्तू यांनुसार पालटतो. पांढरे वस्त्र गोव्यातील ख्रिस्ती वधू लेते. शेजारच्या हिंदू घरांत तेच परंपरेने वैधव्याची खूण मानले गेले.

रंगाला अर्थ कसा चिकटविला जातो, याचे बोलके उदाहरण अमेरिकेतील ‘लकी स्ट्राइक’ या सिगारेटच्या पाकिटाचे आहे. पाकिटाचा गडद हिरवा रंग पोशाखांशी जुळत नसल्यामुळे स्त्रिया ते जवळ बाळगत नाहीत, असे उत्पादक कंपनीचे प्रमुख जॉर्ज वॉशिंग्टन हिल यांना आढळले. पाकिटाच्या प्रसिद्धीवर मोठा खर्च झालेला असल्यामुळे त्याचा रंग बदलण्यास त्यांनी नकार दिला. तेव्हा प्रसिद्धितज्ञ एडवर्ड बर्नेज यांनी १९३४ मध्ये हिरवा रंगच लोकप्रिय करण्याचे ठरविले. न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ-ॲस्टोरिया हॉटेलात ‘हरित नृत्यसमारंभ’ झाला. फॅशनविषयक संपादकांसाठी भोजन योजून हिरव्या रंगाच्या मानसिक परिणामांवर मानसशास्त्रज्ञाचे व्याख्यानही ठेवण्यात आले. या खटाटोपामागील कंपनीचे नाव गुप्त राहिले. येथे मानसशास्त्र निर्णयाच्या आधी नव्हे, तर निर्णयानंतर त्याच्या समर्थनासाठी आले, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे.

पुढे रेमंड लोई या अभिकल्पकाने हिल यांच्याशी ५०,००० डॉलरची पैज लावून तेच पाकीट पांढरे केले व लाल वर्तुळ दोन्ही बाजूंस आणले. १९४२ मध्ये जाहिरात झाली ती मात्र ‘लकी स्ट्राइकचा हिरवा रंग युद्धावर गेला’ अशी. हिरव्या शाईतील धातू युद्धासाठी हवा आहे, असे कारण देण्यात आले. वस्तुतः पांढरे पाकीट अमेरिका युद्धात उतरण्यापूर्वीच योजले गेले होते.

रंगावर एकाच व्यापाऱ्याचा हक्क असावा काय, हा प्रश्न अधिक गंभीर आहे. रंग मोजके, तर स्पर्धक अनेक. तारेच्या दोरखंडावरील रंगीत पट्ट्यासंबंधीच्या वादात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९०६ मध्ये केवळ रंग हे चिन्ह ठरू शकते किंवा नाही याविषयी शंका व्यक्त केली होती. त्याच न्यायालयाने १९९५ मध्ये, धुलाई-इस्त्रीच्या यंत्रांवरील गाद्यांचा हिरवट सोनेरी रंग व्यापारचिन्ह म्हणून ग्राह्य मानला. दीर्घ वापराने ग्राहक तो रंग एकाच उत्पादकाशी जोडू लागला असेल आणि मालाच्या उपयुक्ततेशी त्याचा संबंध नसेल, तरच हा हक्क मिळतो. औषधाच्या गोळ्यांचा रंग रुग्णाला औषध ओळखण्यास उपयोगी पडतो, म्हणून तेथे हा प्रश्न वेगळा होतो. ब्रिटनमध्ये कॅडबरीच्या जांभळ्या रंगाची नोंदणी त्या कंपनीच्या अर्जात वर्णिलेल्या स्वरूपात मान्य करण्यास अपील न्यायालयाने २०१३ मध्ये नकार दिला. रंग अनोळखी होता म्हणून नव्हे, तर अर्जातील वर्णन पुरेसे निश्चित नव्हते म्हणून.

भारतात व्यापारचिन्हे अधिनियम, १९९९ हा १५ सप्टेंबर २००३ पासून अंमलात आला. त्यातील चिन्हाच्या व्याख्येत ‘रंगांचा मेळ’ याचा उल्लेख आहे. एकट्या रंगाचा स्वतंत्र उल्लेख नाही. रंगाची मर्यादा न घालता नोंदलेले चिन्ह सर्व रंगांसाठी नोंदले आहे असे मानण्यात येते. त्याच वर्षी दिल्ली उच्च न्यायालयाने कोलगेटच्या दंतमंजनाच्या डब्याशी साम्य असलेला लाल-पांढरा रंगमेळ वापरण्यास प्रतिस्पर्धी अँकर कंपनीला अंतरिम मनाई केली. दोन्ही डब्यांवरील नावे वेगळी होती. परंतु एकतृतीयांश लाल व दोनतृतीयांश पांढरा या मांडणीमुळे साक्षर नसलेला ग्राहक फसू शकेल, असे न्यायालयास वाटले.