क्रम लावण्याच्या रीतींची शर्यत

विस्कळीत नोंदी क्रमाने लावणे हे काम दिसावयास क्षुल्लक आहे. परंतु ग्रंथालयातील कार्डे, मतदारांच्या याद्या, परीक्षांचे निकाल हे सारे क्रमाच्याच पायावर उभे असते. क्रम नसेल तर हाती असलेली माहितीही नसल्यासारखीच. हे काम त्वरेने कसे व्हावे, आणि एक रीत दुसरीहून सरस हे ठरवावे कशाने, या प्रश्नाचा इतिहास आम्ही येथे थोडक्यात मांडणार आहोत.

साध्या रीती तीन. कवायतीसाठी मुलांना उंचीप्रमाणे उभे करताना शेजारच्या दोघांची अदलाबदल करीत जावे, ही बुडबुड्याची रीत. उरलेल्यांतून दर वेळी सर्वांत ठेंगणा शोधून पुढे आणावा, ही निवडीची. आणि पत्ते हाती घेताना प्रत्येक नवे पान योग्य जागी खोचावे, ही खोचणीची. तिन्ही कोणासही समजतात; त्यांचे दुखणे मात्र एकच आहे. हजार नोंदींना निवडीच्या रीतीत ४,९९,५०० तुलना कराव्या लागतात. खोचणीत सरासरीने त्याच्या निम्म्या. नोंदी दुप्पट झाल्या की श्रम सुमारे चौपट होतात.

१९४५ साली जॉन फॉन नॉयमन याने एडव्हॅक या नियोजित गणकयंत्रासाठी क्रम लावण्याची आज्ञावली लिहिली. त्याने निवडलेली रीत विलीनीकरणाची: दोन लावलेल्या याद्या एकत्र करून एक मोठी यादी करावयाची. या रीतीत हजार नोंदींना सुमारे दहा हजार तुलना पुरतात. केवळ आकडेमोडीसाठी कल्पिलेले यंत्र असले कारकुनी कामही करू शकेल काय, हे त्यास पाहावयाचे होते. आणि स्पर्धा होती ती छिद्रित कार्डे वेगळी करणाऱ्या त्या काळच्या यंत्रांशी. एडव्हॅक तेव्हा बांधलेच गेले नव्हते! म्हणून त्याने घड्याळ न लावता कागदावरच वेळेचा हिशेब केला, आणि हे यंत्र जवळजवळ सर्व कामांस उपयोगी पडेल असा निष्कर्ष काढला.

पुढे यंत्रे आली आणि घड्याळही आले. १९५९ साली डोनाल्ड शेल याने खोचणीचीच रीत सुधारली: आरंभी दूरदूरच्या नोंदींची तुलना करावी व अंतर हळूहळू कमी करीत आणावे. त्याच सुमारास टोनी होअर हा ऑक्सफर्डला ग्रीक-लॅटिन शिकलेला तरुण मॉस्को विद्यापीठात होता. रशियन वाक्यांचे यंत्राने भाषांतर करावयाचे तर वाक्यातील शब्द आधी अकारविल्हे लावणे इष्ट, कारण शब्दकोश चुंबकीय फितीवर त्याच क्रमाने होता. त्यास प्रथम सुचली ती बुडबुड्यासारखीच रीत. ती मंद म्हणून त्याने दुसरी शोधली. एक नोंद मध्यस्थ मानावी, तीहून लहान एकीकडे व मोठ्या दुसरीकडे कराव्या, आणि दोन्ही भागांत तेच पुन्हा करावे. हीच ‘क्विकसॉर्ट’. १९६० साली तो इंग्लंडात एलियट ब्रदर्स या कंपनीत लागला. तेथे वरिष्ठाने शेलची रीत लिहावयास सांगितली, तेव्हा आपली रीत तीहून जलद आहे असे तो म्हणाला. पैज लागली सहा पेन्सची. होअरने ती जिंकली.

१९६२ च्या त्याच्या निबंधात एलियट ४०५ यंत्रावरील वेळा दिल्या आहेत. ५०० नोंदींना विलीनीकरणास २ मिनिटे ८ सेकंद लागले, क्विकसॉर्टला १ मिनिट २१ सेकंद. मोठ्या याद्यांसाठी विलीनीकरणाचे काही आकडे सूत्राने काढले आहेत, कारण यंत्राच्या स्मृतीत तितकी जागा नव्हती. आणि होअरने तसे स्पष्ट नोंदविले आहे. मोजलेले कोणते व अनुमानिलेले कोणते, हे वेगळे सांगणे हाच प्रयोगाचा धर्म होय.

परंतु घड्याळावर सर्वस्वी विसंबावे काय? तसेही नाही. आधीच क्रमाने लावलेली यादी खोचणीच्या रीतीस दिली, तर हजार नोंदींचे काम ९९९ तुलनांत संपते. तीच यादी क्विकसॉर्टला दिली आणि दर वेळी पहिलीच नोंद मध्यस्थ मानली, तर त्या बिचारीस जवळजवळ पाच लाख तुलना कराव्या लागतात. शर्यत तीच, धावणारे तेच, आणि निकाल उलटा! होअरने मध्यस्थ यदृच्छेने निवडण्यास सांगितले ते याचसाठी. शर्यत लावणाऱ्याने कोणती यादी दिली, हे विचारल्यावाचून निकाल स्वीकारू नये.

उलट, नुसती मोजदादही पुरी पडत नाही. तिन्ही साध्या रीती कागदावर एकाच जातीच्या. तथापि २००३ साली ओवेन अॅस्ट्राकन याने प्रयोग केले, तेव्हा बुडबुड्याची रीत खोचणीच्या सुमारे एक-पंचमांश वेगाचीच ठरली. असे असूनही ती पिढ्यान्‌पिढ्या पाठ्यपुस्तकांत टिकून राहिली. आणि खोचणीची रीत कालबाह्य झाली असेही नाही. रॉबर्ट सेजविक याने १९७५ च्या प्रबंधात क्विकसॉर्टचा सखोल अभ्यास केला. त्यातून दृढ झालेला व्यवहार असा की, मोठी यादी क्विकसॉर्टने फोडावी आणि लहान तुकडे खोचणीवर सोपवावे.

तात्पर्य, गणित सांगते वाढ कशी होईल. घड्याळ सांगते आज काय होते. एकाने दुसऱ्याची साक्ष तपासावी. रूढीने थोर मानलेली रीत घड्याळापुढे उभी करावी, आणि घड्याळाने दिलेला कौल गणितापुढे. हा दंडक नोंदींच्या क्रमापुरताच आहे असे आम्हांस वाटत नाही.