'जुना संग्रह' म्हणजे नेमका कुणाचा? रोमन नाणी आणि मराठवाड्याचा पुसलेला पत्ता

रोमन नाणी जमवणाऱ्यांच्या जगात आज 'जुना संग्रह' या दोन शब्दांना मोठा भाव आहे. नाणे ऑगस्टसचे की तिबेरियसचे हे नंतर. आधी ते कुणाकुणाच्या हातून आले याची चिठ्ठी मागितली जाते. अमक्या सरदाराचे कपाट, तमक्या पाद्र्याची पेटी. याला कारणही आहे. सांस्कृतिक वस्तूंच्या चोरट्या व्यापाराविरुद्ध युनेस्कोचा करार १९७० साली झाला. वस्तू त्याआधीपासून संग्रहात आहे असा कागद असला की खरेदीदार निर्धास्त होतो. आपल्याकडे १९७२ च्या कायद्याने शंभर वर्षांपेक्षा जुने नाणे हा पुरावशेष ठरतो आणि खाजगी माणसाला ते देशाबाहेर नेता येत नाही.

असा कागद मागितलाच पाहिजे, याबद्दल आमचे दुमत नाही. आमचा आक्षेप त्या कागदावरच्या पहिल्या नावाला आहे. वंशावळ सुरू होते ती विकत घेणाऱ्यापासून. कुणाच्या शेतात, कुणाच्या कुदळीला, कोणत्या मडक्यात नाणे लागले, ही ओळ बहुतेक चिठ्ठ्यांवर नसतेच. (वंशावळ विचारायची आणि श्रम करणाऱ्याला त्यातून वगळायचे, ही सवय या देशाला नवी नाही!)

हा प्रश्न परभणीच्या लोकांनी का विचारायचा? पैठणहून येणारी गोदावरी आमच्या पाथरी, सोनपेठ, गंगाखेड तालुक्यांतून पुढे जाते. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लिहिलेल्या 'पेरिप्लस'मध्ये पैठण आणि तगर या दोन बाजारपेठांची नावे आहेत. पैठणचे अकीक आणि तगरचे जाडेभरडे कापड व मलमल गाड्यांवर लादून भडोचच्या बंदराकडे जात असे. तगर म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातील तेर. भारत दरवर्षी पाच कोटी सेस्टर्स ओढून नेतो, अशी प्लिनीची तक्रार होती. म्हणजे ज्या मराठवाड्याला आज 'मागास' हे विशेषण कायमचे चिकटवले आहे, त्याच्या मालाचे पैसे रोम मोजत होते. आणि हा व्यापारमार्ग बौद्ध विहारांच्या सावलीतून जात होता. कार्ल्याच्या चैत्यगृहातले काही खांब धेनुकाकटच्या यवनांनी दान दिले आहेत, तसे लेख तिथे कोरलेले आहेत. बाबासाहेबांनी १९१५ साली कोलंबिया विद्यापीठात एम.ए.साठी लिहिलेल्या प्रबंधाचा विषयच प्राचीन भारतीय व्यापार हा होता, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे?

आता गंमत पाहा. दक्षिणेत रोमन सोन्याचे मोठे साठे मिळाले. पुदुकोट्टईला १८९८ मध्ये ५०१ सुवर्णनाणी निघाली, बहुतेकांवर सम्राटाच्या तोंडावर छिन्नीचा घाव होता, आणि ती गेली ब्रिटिश म्युझियमकडे. महाराष्ट्रात त्या मानाने रोमन नाणी फारच थोडी मिळतात. पण तेरला मातीची नाणी मिळाली आहेत. तिबेरियसच्या नाण्याची नक्कल, भाजलेल्या मातीत, गळ्यात अडकवण्याची सोय केलेली. ज्याला सोने परवडत नव्हते त्यानेही सम्राटाचा मुखवटा गळ्यात घातला. या मातीच्या तुकड्याला लिलावात कोण विचारतो? पण तो कुठे मिळाला हे माहीत आहे, म्हणून तो बोलतो. पत्ता हरवलेले सोन्याचे नाणे रोमबद्दल बोलेल, मराठवाड्याबद्दल एक शब्द बोलणार नाही.

संग्रह करणे हेच पाप, असे आम्ही म्हणत नाही. तेरचे रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावात मिळणाऱ्या वस्तू गावातच जमवल्या. आज त्यांच्या नावाचे शासकीय संग्रहालय तेरमध्येच आहे. 'जुना संग्रह' म्हणायचा तर तो असा!

मोड झाली असती तर काय गमावले असते, हे जोगलथेंबीने दाखवले. नाशिक जिल्ह्यातल्या या गावी १९०६ मध्ये तेरा हजारांहून जास्त चांदीची नाणी एकत्र मिळाली. सगळी क्षत्रप नहपानाची, राजाचे मुख आणि भोवती ग्रीक अक्षरे. त्यातल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. नहपानाचा पैसा सातवाहनांनी कसा पचवला हे त्या ढिगाच्या प्रमाणातून कळले. तीच नाणी शंभर संग्राहकांच्या शंभर पाकिटांत गेली असती तर चिठ्ठी प्रत्येकाकडे असती, इतिहास कुणाकडेच नसता.

इंग्रजी राजवटीतल्या १८७८ च्या निखात निधी कायद्याने सापडणाऱ्याला मान्यता दिली होती. सरकारने ठेवा घेतला नाही आणि जमीनमालकाशी वेगळा करार नसेल, तर सापडणाऱ्याला तीन चतुर्थांश आणि मालकाला एक चतुर्थांश. परकीय सरकारच्या कायद्यात मजुराचा वाटा होता. संग्राहकाच्या चिठ्ठीत त्याचे नावसुद्धा नाही.

आजही गावोगावी पांढरीची माती खत म्हणून शेतात टाकतात. ट्रॉली भरणारे हात बहुधा भूमिहीनांचे, त्यात आपले लोक कितीतरी. त्या मातीत जे चकाकते ते सोनाराच्या मुशीत जाते किंवा फिरत्या दलालाकडे, आणि काही वर्षांनी शहरातल्या एखाद्या प्रदर्शनात 'जुन्या संग्रहातील' म्हणून उभे राहते. म्हणून बांधवांनो, असे काही हाती लागले तर चिंचेने घासू नका, वाटून घेऊ नका. मडक्याची खापरेही जपून ठेवा. गट नंबर, तारीख, किती खोलीवर मिळाले ते लिहून फोटो काढा. तहसीलदाराला लेखी कळवा आणि पोच घ्या. पंचनामा होईल तेव्हा सापडणाऱ्याच्या रकान्यात जमीनमालकाचे नव्हे, ज्या बाईच्या किंवा गड्याच्या खोऱ्याला ते लागले तिचे किंवा त्याचे पूर्ण नाव लिहायला लावा, आणि सही करण्याआधी ते मोठ्याने वाचून घ्या.