आजारी माणसाचा चहा

२०२०च्या जुलैत बाबांना ताप आला आणि तीन दिवस आमच्या घरातून कुणी डॉक्टरांना फोन केला नाही. आई दिवसातून चार वेळा मसाल्याचा चहा करत होती. सुंठ, मिरी, दालचिनी, लवंग, तुळस आणि बाल्कनीतल्या कुंडीतली गवती चहाची पाती; पत्ती नावापुरती. तो कप मीच त्यांच्या खोलीच्या दाराशी ठेवायचे. पाच हजार वर्षांचं औषध आहे, गुण येणारच, असं फॅमिली ग्रुपवर आलेलं मी खरं धरून चालले होते. चौथ्या दिवशी ऑक्सिमीटरवर ८८ आकडा आला, तेव्हा धावाधाव झाली.

बाबा वाचले. ती 'पाच हजार वर्षं' मात्र डोक्यातून जाईनात, म्हणून मी शोधत बसले.

चरकात चहा नाही, सुश्रुतातही नाही. सुंठ, मिरी, पिंपळी आहेत. या तिघांना आयुर्वेदात त्रिकटू म्हणतात आणि कफ, अपचन, मंदावलेली भूक यांवर ते देतात. वेलची आहे, लवंग आहे. म्हणजे मसाला जुना, घरचा. चहाचं पान नवखं. आसामात सिंग्फो लोक ते वापरत होते, पण रॉबर्ट ब्रूस या स्कॉटिश माणसाला ती झाडं कळली १८२३ साली.

मग हे दोघं एका भांड्यात आले कधी? मला सापडलेली सगळ्यात जुनी नोंद सुरतेची आहे. जॉन ओव्हिंग्टन नावाचा इंग्रज पाद्री १६८९ मध्ये तिकडे यायला निघाला. संभाजी महाराजांना औरंगजेबानं मारलं, तेच वर्ष. त्याचं प्रवासवर्णन १६९६ मध्ये छापलं गेलं. त्यात तो लिहितो की, इथले बनिये चहा पितात, कुणी खडीसाखर घालून, कुणी मुरवलेल्या लिंबाबरोबर. आणि गरम मसाला घालून उकळलेला चहा डोकेदुखी, मूतखडा आणि पोटातल्या मुरड्यावर चांगला मानला जातो. कोणता मसाला, ते तो सांगत नाही. मला गंमत वाटली ती वेगळीच. तेव्हाचा चहा चीनहून जहाजानं यायचा. सुरतेच्या व्यापाऱ्यानं ते परदेशी पान आपल्या काढ्यात टाकून दिलं, आणखी एक औषधी पाला म्हणून. म्हणजे मसाला चहा निदान सव्वातीनशे वर्षं जुना आहे. हे काय कमी आहे? पाच हजारांची गरजच काय?

पुण्यात मात्र १८९०च्या ऑक्टोबरात चहानं धर्म बुडायची वेळ आली. पंचहौद मिशनमध्ये रानडे, टिळक आणि इतर मंडळींपुढे मिशनऱ्यांनी चहा-बिस्किटं ठेवली, गोपाळराव जोश्यांनी नावं छापून आणली आणि ग्रामण्य उभं राहिलं. रानड्यांनी पुढे प्रायश्चित्तही घेतलं. त्या भांडणात चहा तब्येतीला बरा की वाईट, हा प्रश्नच नव्हता. तो कुणाच्या हातचा, एवढाच होता.

त्यानंतर मळेवाल्यांचा पैसा आला. १९०३ मध्ये चहावर उपकर बसवणारा कायदा झाला आणि त्या पैशातून पुढे देशभर चहाचा प्रचार झाला. गिरण्यांत, रेल्वे स्टेशनांवर माणसं 'योग्य' चहा करून दाखवू लागली. आपल्या टपरीवाल्यांनी ते पाहिलं आणि हवं तेच केलं: दूध जास्त, साखर जास्त, वर आलं-वेलची. असं केलं की पत्ती कमी लागते, म्हणून प्रचारक वैतागायचे. १९३०च्या सुमारास आसामात पान चुरडून बारीक दाणा करणारं सीटीसी यंत्र निघालं. स्वातंत्र्यानंतर तो स्वस्त, कडक दाणा सगळीकडे पोचला. आपण ज्याला परंपरा म्हणतो, तो दूध-मसाल्यासकट खळखळून उकळलेला चहा त्या दाण्यावर उभा आहे.

म्हणजे मसाल्यात काहीच नाही, असं नाही. आल्यानं मळमळ कमी होते, हे आता अभ्यासातूनही दिसलंय. बाजारातली जाड सालीची दालचिनी मात्र रोज भरपूर पोटात गेली तर यकृताला त्रास देऊ शकते. तिच्यात कुमारिन असतं. हे ग्रुपवर कुणी पाठवत नाही.

आणखी एक गोष्ट कुणी पाठवली नव्हती. २०२० साली आयुष मंत्रालयानं प्रतिकारशक्तीसाठी काढा सुचवला होता: तुळस, दालचिनी, मिरी, सुंठ, मनुका, दिवसातून एकदा किंवा दोनदा. मूळ पत्रक मी खूप नंतर वाचलं. हा कोविडवरचा उपचार असल्याचा दावा नाही, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. आमच्यापर्यंत आलेल्या फॉरवर्डमध्ये ती ओळ नव्हती.

आईला मी हे सगळं सांगितलं. ती ऐकून घेते, बोलत काही नाही. ते तीन दिवस आम्ही दोघी अजून आपापल्या परीनं मोजतोय.

गेल्या आठवड्यात तिलाच कणकण वाटत होती. तिनं किसणी काढली, मी थर्मामीटर. चहा उतू जाईपर्यंत १०१ आला. आम्ही चहा घेतला, बाबांनी रिक्षा थांबवून ठेवली होती.