काडतुसातील रिकामी जागा

'काडतूस' आणि 'पिस्तूल' हे दोन्ही शब्द मराठीने पोर्तुगिजांकडून घेतले. 'दारू' हा शब्द मात्र फारसीतून आला, आणि तेथे त्याचा मूळ अर्थ औषध असा आहे. औषधवाचक शब्दाने आपल्याकडे एकीकडे मद्याचा व दुसरीकडे स्फोटक भुकटीचा अर्थ धारण करावा, हा भाषेचा विनोद होय. परंतु या लेखास उपयोगी पडणारा शब्द या तिहींहून निराळा आहे. तो म्हणजे 'रंजक'. तोड्याच्या बंदुकीच्या कानात घालावयाची जी बारीक दारू, तिला आपले बंदूकवाले रंजक म्हणत. नळीत भरावयाची दारू वेगळी आणि कानात घालावयाची वेगळी, हा भेद त्यांनी शब्दातच बांधून ठेवला होता. दारू दारूसारखीच दिसते, पण प्रत्येक कामाची दारू निराळी असते, हे ज्ञान त्यांना होते. या ज्ञानाचा मोठ्या प्रमाणावर विसर पडला तो एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, आणि तोही यंत्रविद्येत सर्वांत पुढे असलेल्या देशांत. रिव्हॉल्व्हरच्या काडतुसात कोणती दारू भरावी, हा प्रश्न तेथे कसा उपस्थित झाला, हे आम्ही येथे पाहणार आहोत.

प्रथम जुन्या काळ्या दारूविषयी थोडे सांगणे अवश्य आहे. शोरा, गंधक आणि कोळसा यांचे हे मिश्रण प्रारंभी पिठासारखे असे. पंधराव्या शतकात युरोपात ते ओले करून त्याचे दाणे पाडण्याची रीत रूढ झाली. दाण्यांमधल्या फटींतून ज्वाला झपाट्याने पसरू लागली आणि तीच दारू पूर्वीहून कितीतरी जोरकस झाली. इतकी, की त्या काळच्या मोठ्या तोफांना ती सोसेना. दाणेदार दारू आधी हातातल्या बंदुकांत रुळली, कारण लहान नळीच्या भिंती तिचा दाब सहन करू शकत होत्या. पुढे यातूनच नियम निघाला, की शस्त्र जितके मोठे तितका दाणा जाड आणि जितके लहान तितका बारीक. १८६० च्या सुमारास अमेरिकन सैन्यातील टॉमस रॉडमन याने प्रचंड तोफांसाठी मुद्दाम मोठ्या दाण्यांची दारू करविली, ती याच नियमाने. दारू किती घातली यापेक्षा ती किती वेळात जळली हे अधिक महत्त्वाचे, हा या सर्व कथेचा गाभा आहे.

सॅम्युअल कोल्टने १८३६ मध्ये अमेरिकेत आपल्या फिरत्या चक्राच्या पिस्तुलाचे पेटंट घेतले. १८४७ साली त्याने घोडदळासाठी वॉकर नावाचे अवजड रिव्हॉल्व्हर काढले. त्याच्या चक्रातील प्रत्येक घरात ६० ग्रेनपर्यंत दारू मावे. तोळ्याचे १८० ग्रेन, म्हणजे हा बार तोळ्याच्या तिसऱ्या हिश्श्याचा झाला. पिस्तुलासाठी तो राक्षसीच म्हटला पाहिजे. त्या काळच्या लोखंडाला तो झेपला नाही. अनेक चक्रे फुटली, आणि लगेच पुढच्या ड्रॅगून नमुन्यात चक्र आखूड करून दारूची जागाच कमी करण्यात आली. सूचना छापून सैनिकाला सावध करण्यापेक्षा ही योजना शहाणपणाची होती, असे आमचे मत आहे. ज्या जागेत जास्त दारू मावतच नाही, तेथे चूक करणार कोण?

पितळी पुंगळीचे काडतूस आले आणि ही मर्यादा चक्रातून पुंगळीत गेली. १८७३ चे कोल्टचे .४५ इंची रिव्हॉल्व्हर प्रसिद्धच आहे. त्याच्या काडतुसात ४० ग्रेन, म्हणजे अडीच माशांहून थोडी अधिक, काळी दारू भरावी अशी पुंगळीची लांबी ठरविली होती. सैन्याला त्याचा धक्का फार वाटला. दारू ३० ग्रेनच्या आसपास आणण्यात आली, आणि पुढे तर स्कोफील्ड रिव्हॉल्व्हरसाठी केलेले आखूड काडतूसच सैन्य दोन्ही शस्त्रांत वापरू लागले. नागरिकांच्या बाजारात मात्र लांब पुंगळी तशीच राहिली. हा तपशील वाचकांनी ध्यानात ठेवावा.

याच काळात वापरलेली पुंगळी पुन्हा भरण्याची चाल अमेरिकेत वाढली. दूरच्या वस्तीतील शेतकऱ्याला पितळ फेकून देणे परवडत नसे, आणि सैन्यातही नेमबाजीच्या सरावासाठी पुंगळ्या भरण्याची हत्यारे तुकड्यांना दिली जात. या चालीला एका योगायोगाने मोठे साहाय्य केले. पुंगळीच्या बुडाशी बसविलेल्या, घोड्याच्या आघाताने पेटणाऱ्या टोपीचे दोन प्रकार प्रचलित झाले. एक अमेरिकन कर्नल बर्डन याचा, दुसरा इंग्रज कर्नल बॉक्सर याचा. बॉक्सरच्या पुंगळीत मध्यभागी एकच छिद्र असल्याने साध्या सळईने जुनी टोपी बाहेर ढकलता येते. बर्डनच्या पद्धतीत ते अवघड. विचित्र असे, की इंग्रजाची पद्धत अमेरिकेने उचलली आणि अमेरिकनाची युरोपने. त्यामुळे घरच्या घरी काडतूस भरण्याची विद्या अमेरिकेत फोफावली. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र अधिनियमाप्रमाणे काडतुसे तयार करण्यास परवाना लागतो, त्यामुळे ही विद्या फार थोड्यांच्या परिचयाची आहे.

काळ्या दारूने काडतूस भरणे तसे सोपे काम होते. पुंगळी भरेल इतकी दारू घ्यावी, आत पोकळी राहू देऊ नये, वर गोळी बसवावी. ठराविक मापाची चमची हेच सगळे शास्त्र. डोळ्यांना जे दिसे, तेच खरे असे.

१८८४ मध्ये फ्रान्सच्या पॉल व्हिएय याने बिनधुराची दारू सिद्ध केली आणि हे सुखाचे दिवस संपले. नत्राम्लाने संस्कारिलेल्या कापसाचा स्फोटक गुण १८४६ पासून माहीत होता, परंतु तो इतक्या उग्रपणे जळे की बंदुकीत वापरणे धोक्याचे ठरले. व्हिएयने त्याचा घट्ट लगदा करून त्याच्या पातळ चकत्या पाडल्या, तेव्हा ते जळणे ताब्यात आले. १८८७ मध्ये आल्फ्रेड नोबेलने बॅलिस्टाइट काढले, १८८९ मध्ये इंग्लंडात एबल व ड्यूअर यांनी कॉर्डाइट. हेच कॉर्डाइट पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी निलगिरीतील अरुवंकाडू येथील कारखान्यात तयार होऊ लागले.

या नव्या दारूचा स्वभाव जुनीहून मुळातच वेगळा होता. तिचा दाणा पृष्ठभागावरून आत आत जळत जातो. सभोवतालचा दाब वाढला की जळण्याचा वेगही वाढतो, आणि वेग वाढला की दाब आणखी चढतो. यास्तव दाण्याचा आकार, जाडी, त्यावरचा लेप यांनी तिची गती ठरते. शिवाय तिच्यात शक्ती दाटलेली असते. जेथे काळ्या दारूचे २१ ग्रेन लागत, तेथे हिचा सहावा हिस्सा, म्हणजे जेमतेम दोन गुंजा, पुरे होतो.

आता पुंगळीचे काय करावयाचे? इंग्रजांनी वेब्ली रिव्हॉल्व्हरच्या .४५५ काडतुसाची पुंगळी सरळ आखूड केली. १८९१ चे काडतूस काळ्या दारूसाठी लांब होते. १८९७ मध्ये कॉर्डाइटसाठी पुंगळीचा सुमारे दहावा भाग इंच कापून टाकण्यात आला. नव्या दारूला नवे घर मिळाले. अमेरिकेत असे घडले नाही. .४५ ची लांब पुंगळी, आणि १८९८-९९ मध्ये आलेल्या .३८ स्पेशलची काळ्या दारूच्या मापाची पुंगळी, या दोन्ही तशाच चालू राहिल्या, कारण त्यांना बसणारी शस्त्रे घरोघर होती. पुंगळीच्या तळाशी चिमूटभर दारू आणि वर सारी पोकळी, अशी स्थिती झाली.

जुन्या सवयीच्या माणसाने जुनीच चमची घेऊन नवी दारू भरली की शस्त्र फुटे. कारखानदारांनी गोंधळात भरच घातली. काहींनी मुद्दाम हलकी, फुगीर बिनधुराची दारू काढली, जी काळ्या दारूच्या मापानेच भरता येई. काहींनी दाट दारू विकली, जिला तराजूच हवा. दोन्ही डब्यांवर 'बिनधुराची' हे एकच विशेषण! दाट दारू फुगीर समजून भरणाऱ्यांचे हात गेले. १८७३ चे रिव्हॉल्व्हर बिनधुराच्या दारूस योग्य असल्याची हमी कोल्ट कंपनीने १९०० च्या सुमारास दिली. त्याआधीची शस्त्रे त्या हमीत नव्हती, पण काडतूस तर दोन्हींत सारखेच बसत होते.

रिकाम्या जागेचा प्रश्न सोडविण्याचे दोन मार्ग निघाले. पहिला शीघ्र जळणाऱ्या दारूचा. लॅफ्लिन अँड रँड कंपनीने १८९८ मध्ये काढलेली 'बुल्सआय' ही त्यातील सर्वांत प्रख्यात. आखूड नळीत, थोड्या वजनात, ती पूर्णपणे व सारखी जळते. म्हणून लक्ष्यवेधकांनी तिला पिढ्यान्‌पिढ्या सोडले नाही. तिचा दोषही तिच्या गुणातच आहे. .३८ च्या पुंगळीत तिचा हलका बार दोनदा पडला, नव्हे तीनदा पडला, तरी वरून गोळी निमूटपणे बसते. काळी दारू अशी चूक करूच देत नसे. पुढे हलक्या बारांनी काही उत्तम रिव्हॉल्व्हरे फुटली तेव्हा, थोडी दारू मोठ्या पोकळीत काही गूढ रीतीने भडकते काय, असा वाद नेमबाजांत पुष्कळ दिवस चालला. आमच्या मते, बहुतेक प्रसंगी गूढ काहीच नव्हते. दोनदा ओतलेली दारू होती.

दुसरा मार्ग वरवर उलटा वाटेल. अधिक वेगाची गोळी हवी तर मंद जळणारी दारू घ्यावी, हे प्रथम ऐकणाऱ्यास पटत नाही. परंतु शीघ्र दारू गोळी फारशी हलण्यापूर्वीच दाबाचे शिखर गाठते. मंद दारू गोळीच्या मागोमाग रेटा देत राहते, म्हणून ती अधिक वजनात घालता येते. १९३० नंतरच्या काही वर्षांत हर्क्युलीस कंपनीची '२४००' ही दारू मुख्यतः लहान रायफलींसाठी आली आणि पिस्तूलवाल्यांनी ती आपलीशी केली. आयडाहोचा गुराखी व लेखक एल्मर कीथ हा त्यांतला अग्रणी. १९२५ मध्ये अतिभारित काडतुसाने त्याच्या हातातील .४५ चे जुने रिव्हॉल्व्हर फुटले होते. त्यानंतर तो .४४ कडे वळला, कारण भोक लहान असल्याने त्याच्या चक्राच्या भिंती जाड राहतात. त्या जुन्या, लांब पुंगळीत ही मंद दारू नीट भरली. काळ्या दारूसाठी कापलेल्या घराला अखेर भाडेकरू मिळाला. मात्र तिलाही अटी आहेत: गोळी जड हवी, पुंगळीची कड तिच्यावर घट्ट आवळलेली हवी, आणि बार फार हलका नको, नाहीतर अर्धे दाणे न जळताच नळीतून बाहेर पडतात.

या जोमदार काडतुसांनी जुनी भीती पुन्हा जागी केली. १९३५ मध्ये स्मिथ अँड वेसन यांनी .३५७ मॅग्नम काढले, तेव्हा .३८ स्पेशलची पुंगळी सुमारे एक अष्टमांश इंच लांब केली. हेतू इतकाच, की ते काडतूस जुन्या, कमकुवत शस्त्रात शिरूच नये. १९५५ च्या .४४ मॅग्नममध्येही तीच युक्ती योजिली. वॉकरचे चक्र आखूड करणाऱ्यांची आणि ही पुंगळी लांब करणाऱ्यांची बुद्धी एकच होती.

.४५ कोल्टची पुंगळी मात्र अद्याप १८७३ च्याच लांबीची आहे. जुन्या शस्त्रांनी हौशी सामने खेळणाऱ्यांना तिच्यात मंद, सौम्य बारच हवे असतात, आणि ती पोकळी त्यांना पुन्हा भेडसावते. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात त्यांच्यासाठी 'ट्रेल बॉस' नावाची दारू बाजारात आली. ती वजनाला अतिशय हलकी आहे. थोड्या ग्रेनमध्येच पुंगळी भरल्यासारखी दिसते, आणि बार दोनदा पडला तर दारू उतू जाऊन चूक तत्काळ उघडी पडते. तिचे दाणे पाहिले तर लहान कड्यांसारखे आहेत, प्रत्येकाच्या मध्यभागी एक भोक.