कानिटकर, माधुरी
भारतीय सेनेतील निवृत्त लेफ्टनंट जनरल, बालरोगतज्ज्ञ व वैद्यकीय शिक्षिका. पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयातून (एएफएमसी) राष्ट्रपती सुवर्णपदकासह एम.बी.बी.एस. होऊन १९८२ मध्ये त्या सेनेत दाखल झाल्या. लहान मुलांच्या मूत्रपिंडविकारांचे रीतसर प्रशिक्षण घेतलेल्या सैन्यदलातील त्या पहिल्या डॉक्टर. हेच त्यांचे खरे मोठे काम म्हटले पाहिजे. पुढे एएफएमसीतच त्या अधिष्ठाता झाल्या. २०२० मध्ये लेफ्टनंट जनरलपद मिळाले. पती राजीव हेही त्याच हुद्द्यावरून निवृत्त झालेले. सेवानिवृत्तीनंतर, २०२१ मध्ये, त्या नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या कुलगुरू झाल्या.