प्रशंसादर्शक क्रियाविशेषणे

एखादे काम चांगले, कौशल्याने किंवा वाखाणण्याजोगे झाले हे क्रियापदाच्या जोडीने सांगणारे शब्द. मराठी व्याकरणात त्यांचा स्वतंत्र वर्ग नाही; रीतिवाचक क्रियाविशेषणांतच ते धरले जातात. छान, उत्तम, नीट, चोख, सुरेख, झकास, बिनचूक, निगुतीने, लीलया, समर्थपणे ही नेहमीची उदाहरणे. ‘शाबास’, ‘वाहवा’ हे शब्द त्यांत येत नाहीत. ते उद्गार असून क्रियापदावाचूनही पुरे पडतात.

दादोबा पांडुरंग तर्खडकरांच्या 1836च्या व्याकरणापासून मराठी शब्दांची वर्गवारी चालत आली आहे आणि मोरो केशव दामले यांनी ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ (1911) या ग्रंथात तिची बारकाईने चिकित्सा केली आहे. शाळेत आपण क्रियाविशेषण हे अव्यय म्हणून, म्हणजे रूप न बदलणारा शब्द म्हणून शिकतो. पण प्रशंसेचा सर्वांत रुळलेला शब्द, ‘चांगला’, या चौकटीत बसत नाही. ‘तो चांगला गातो’, ‘ती चांगली गाते’ यांत तो कर्त्याप्रमाणे बदलतो. ‘तिने भात चांगला शिजवला’, ‘पोळी चांगली लाटली’, ‘वरण चांगले घोटले’ यांत कर्माप्रमाणे. कर्माला ‘ला’ किंवा ‘ना’ लागला की तो नपुंसकलिंगी एकवचनात स्थिरावतो: ‘तिने मुलींना चांगले शिकवले’. थोडक्यात, क्रियापद ज्याच्याशी जुळते त्याच्याशीच हा शब्दही जुळतो. ‘नेटका’, ‘खासा’, ‘बरा’ यांची चाल हीच. म्हणूनच काही व्याकरणकार रूप बदलणाऱ्या शब्दाला नुसते ‘क्रियाविशेषण’ आणि न बदलणाऱ्याला ‘क्रियाविशेषण अव्यय’ म्हणतात. हा भेद परीक्षेपुरता न ठेवता नीट समजावून दिला पाहिजे, कारण मराठी वाक्याची ठेवण त्यातून स्पष्ट दिसते.

रूप सारखेच असल्यामुळे विशेषण कोणते आणि क्रियाविशेषण कोणते हे बहुधा शब्दाच्या जागेवरून ठरते. ‘त्याने चांगला आंबा कापला’ यात गुण आंब्याचा. ‘त्याने आंबा चांगला कापला’ यात कापणाऱ्याच्या हाताचा.

घडणीच्या वाटा अनेक आहेत. नामाला ‘ने’ लावून सफाईने, कौशल्याने, शिताफीने; विशेषणाला ‘पणे’ लावून समर्थपणे, यशस्वीपणे; सप्तमीने थाटात, झोकात, दिमाखात. ‘लीलया’ हे संस्कृत तृतीयेचे रूप तसेच्या तसे मराठीत आले आहे. ‘उत्तमरीत्या’मधला ‘रीत्या’ हाही ‘रीति’ शब्दाची तृतीयाच, म्हणून त्यातला ‘री’ दीर्घ लिहायचा. वृत्तपत्री मराठीत मात्र या ‘रीत्या’चा अतिरेक झाला आहे. ‘शस्त्रक्रिया यशस्वीरीत्या पार पडली’ यात ‘पार पडली’नेच यश सांगितलेले असते. मैफल रंगली, भूमिका वठली, भाजी जमून आली, या क्रियापदांच्या पोटातच प्रशंसा आहे. त्यांना आणखी टेकू लागत नाही.

या शब्दसमूहाची खरी श्रीमंती कामागणिक बदलणाऱ्या शब्दांत आहे. भाजणी खमंग भाजतात, पोळी मऊसूत लाटतात, भांडी लख्ख घासतात, पूजा यथासांग करतात, रफू बेमालूम करतात, हिशेब चोख ठेवतात. ‘यथासांग’ म्हणजे सर्व अंगांसह, एकही विधी न गाळता. ‘बेमालूम’ म्हणजे कळून न येणारे. फाटले कुठे होते हे दिसू नये, यातच रफूगराची कसोटी. ‘चोख’ मुळात शुद्ध सोन्याचांदीचा गुण सांगतो. यांतल्या प्रत्येक शब्दात ते काम चांगले कशाने ठरते याची जाण साठलेली आहे. ‘छान’ला ती सांगता येत नाही. भांडी छान घासली म्हटले तर ऐकणाऱ्याला समाधान कळते. लख्ख घासली म्हटले तर भांडे दिसते. कोशकारांनी असे शब्द त्यांच्या क्रियापदांसह नोंदवायला हवेत. एकटे टिपले की त्यांचा अर्थ निम्मा उरतो.

अर्थाचे स्थलांतरही इथे पुष्कळ झाले आहे. ‘सुरेख’ रेषेवरून निघाला आणि गाण्यापर्यंत पोहोचला. ‘शिताफी’ फारसीतल्या त्वरावाचक ‘शिताब’शी नाते सांगते, त्वरेला पुढे चातुर्याची छटा आली. ‘भन्नाट’ सुसाट वाऱ्याला लागत असे, आता तो कल्पनेलाही लागतो आणि फलंदाजीलाही.

सामान्य प्रशंसेचे शब्द वापराने झिजतात. ‘बरा’ हे त्याचे ठळक उदाहरण. ज्ञानेश्वरीतला ‘बरवा’ सुंदर, उत्तम या अर्थाचा आहे. आजच्या मराठीत ‘तो बरा गातो’ म्हणजे जेमतेम ऐकण्याजोगे गातो. कोकणीत मात्र या शब्दाचा मान टिकून आहे. तिथे ‘बरें’ म्हणजे खरोखर चांगले, आणि गोव्यात आभार मानतानाही ‘देव बरें करूं’ म्हणतात. ‘चांगला’ची झीज वेगळ्या दिशेने झाली. ‘च’ लागला की तो स्तुती सोडून नुसती तीव्रता दाखवतो: ‘पावसाने चांगलेच झोडपले’.

झिजलेल्यांची जागा बोलीतून आलेले शब्द घेतात. ग्रामीण बोलींतला ‘लय’ आणि ‘भारी’ यांची जोडी शहरांनीही उचलली. 2014मध्ये त्याच नावाचा मराठी चित्रपट आला. कोल्हापूरकडचे ‘नाद खुळा’ अख्खे पदच प्रशंसेला वापरले जाते. तरुणांच्या तोंडी ‘कडक’ आहे. मस्त, झकास, भन्नाट, भारी, कडक हे सारे रूप न बदलणारे शब्द आहेत. तो भारी गातो, ती भारी गाते, ती मुले भारी गातात. लिंगवचनाशी जुळणाऱ्या ‘चांगला’च्या गटात अशी नवी भर पडताना दिसत नाही.